एका ‘क’चा संपादक

छपाईच्या मशीनवर ओरडून बघितल्याशिवाय वर्तमानपत्र छापू न देणारा संपादक मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

परभणीत स्टेशनच्या रस्त्यावर माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं असा माल. मशीन जुनं ऑफसेट. ते सुरू झालं की शेजारच्या तीन घरांतल्या पाली भिंतीवरून खाली उतरतात आणि बंद झालं की पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात, इतका त्यांचा सराव झाला आहे. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी मुरुगेसन अण्णा हातात प्रूफ घेऊन येतो. मला मशीन रिकामंच चालू करायला लावतो, त्याला खेटून उभा राहतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खा अंक तमिळमध्ये ओरडून वाचतो. आठ पावलांवर, दाराशी, माझा मशीनमन खंडू कानाला हात लावून उभा. खंडूचं वय पंचावन्न. तमिळचा त्याला गंध नाही. शब्द स्पष्ट ऐकू आला तर त्यानं मान हलवायची, नाही आला तर बोट. बोट हललं की अण्णा थांबतो, कुणी तरी गेल्यासारखा चेहरा करतो, म्हणतो, "सत्तम पत्तादु," आणि ती ओळ खोडतो.

सत्तम पत्तादु म्हणजे आवाज पुरत नाही. एका तमिळ पत्राचा मुख्य उपसंपादक म्हणून खंडू अशी अकरा वर्षं काम करतो आहे, आणि अण्णाच्या मते इतका निःपक्षपाती उपसंपादक मद्रासेतही मिळायचा नाही.

हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणूस कामातून गेला. पण अण्णाचे वाचक लक्षात घ्या. उन्हाळा तापला की तामिळनाडूतून, नामक्कलच्या बाजूनं, बोअरच्या गाड्या आपल्याकडे उतरतात. एका गाडीवर यंत्र, दुसरीवर पाइप, आणि वर दहा-बारा माणसं, खडकाच्या भुकटीनं पांढरीफेक. आज पाथरीत, उद्या पालमला, परवा कुठं ते त्यांनाही ठाऊक नसतं. कंप्रेसर दिवसभर कोकलत असतो. अशात ज्याला वाचता येतं तो पाइपांच्या ढिगावर बसून अंक वाचतो आणि बाकीचे काम करता करता ऐकतात. कंप्रेसरवरून जे वाक्य ऐकू जात नाही ते अण्णाच्या हिशेबी वाक्यच नाही. त्यामुळे त्याच्या अंकात लांब वाक्य सापडत नाही, असं त्याचे वाचक सांगतात. मी सांगू शकत नाही, कारण मला त्यातलं एक अक्षर येत नाही.

अण्णा वयानं माझ्याएवढाच. कधी काळी अशाच गाडीवरून ड्रिलर म्हणून आला. उजव्या हाताची दोन बोटं मानवतच्या खडकात ठेवून गाडीवरून उतरला आणि जिंतूर रोडला बोअरच्या बिटांना धार लावायचं दुकान टाकून इथंच राहिला. पोटाला दुकान, आणि जिवाला हे चार पानी पत्र. सहाशे प्रती. त्या डिझेलच्या पंपावर, बायपासच्या इडलीवाल्याकडं आणि त्याच्याच दुकानात ठेवलेल्या असतात. बोअरची गाडी कधी ना कधी ह्या तीनपैकी एका ठिकाणी येतेच.

पत्राचं नाव ‘आळम’. म्हणजे खोली, बोअरची असते ती. ह्यातला ळ आपला नव्हे. तमिळमध्ये ल तीन आहेत, आणि हा तिसरा उच्चारायला जीभ मागं वळवून टाळूला लावायची, पण लावायची नाही. मी आठ दिवस प्रयत्न केला तेव्हा बायकोनं डॉक्टरला फोन केला. दुकानावरची पाटी रंगवणाऱ्यानं तर तो ळ काढूनच टाकला आणि सरळ ‘आलम’ लिहिलं. मग काय, मोहल्ल्यातले म्हातारे लोक उर्दू अखबार निघाला म्हणून खुशीनं आले. अण्णानं त्यांना चहा पाजला, अंक दिला. त्यातले एक चाचा अजून दर अंक घेऊन जातात. म्हणतात, "समझता कुछ नहीं, मगर कागज अच्छा है."

अण्णाची संपादकीय भाषा बोअरची. मथळ्याला तो केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी घालायचा पाइप, म्हणतो. "सार, केसिंग मजबूत टाका, न्हाईतर वरची माती आत पडतीय." कंटाळवाणा मजकूर म्हणजे कोरडा. एकदा एका शिकलेल्या ड्रिलरनं आईवर दीड पान कविता पाठवली. अण्णानं ती मशीनवर ओरडून पाहिली, खंडूचं बोट नऊ वेळा हललं, आणि अण्णानं कवीला फोनवर कळवलं, "तीनशे फूट गेलाव तंबी, पाणी न्हाई. खाली एक ओळ ओली लागली, ती छापायलोय." ती ओळ काय होती, मी विचारलं. तो म्हणाला, "आई, तुझा पत्ता बदलला का." खंडूनं त्या ओळीला मान हलवली होती.

माझ्या लग्नपत्रिकाही तो वाचतो. "सार, ह्ये काय केलं. दोनशे फूट पाव्हण्यांचे नावं, आन् पाणी पार खाली. तारीख."

आता माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा तिसऱ्या पानाची प्लेट उलटी बसली आणि अख्खं पान आरशात दिसतं तसं छापून निघालं. खंडूला कळलं नाही, मला कळलं नाही, गठ्ठे पंपावर गेले. चार दिवसांनी गंगाखेडच्या रस्त्यानं जात होतो, तर एका बोअरच्या गाडीच्या बाजूच्या आरशासमोर सात माणसं रांगेत उभी. प्रत्येकजण पान आरशासमोर धरतोय, वाचतोय आणि पुढच्याला जागा देतोय.  अण्णानं पुढच्या अंकात फक्त छापलं, की तिसरं पान ह्यावेळी ड्रायव्हर लोकांसाठी होतं.

त्या पत्रात एक मराठीचा धडाही असतो. दर अंकात पाच वाक्यं, तमिळ लिपीत. वाक्यं पुरवतो मी. सुरुवातीला चांगली शुद्ध दिली होती. ‘कृपया मला थोडे पाणी द्याल का?’ ती शिकून गेलेली माणसं परत आली, म्हणाली, खेड्यात लोक हसतात आणि पाणी द्यायचं विसरतात. तेव्हापासून मी आपली घरची देतो. ‘मामा, रागावू नका.’ ‘खडक लय टणक हाय.’ ‘पाणी खाली हाय, आमी काय करावं.’ ‘भाकर लय भारी झाली.’ आज परभणी जिल्ह्यात नामक्कलचा माणूस जी मराठी बोलतो ती माझी आहे.

आणि ह्या लिपीवरूनच आमचं कायमचं भांडण. तमिळमध्ये क, ख, ग, घ ह्या चौघांना मिळून एकच अक्षर. प, फ, ब, भ ह्यांनाही एकच. त्यामुळे अण्णा नवा होता तेव्हा बोअरला पोर म्हणायचा. चहाच्या हॉटेलात बसून सांगायचा, "आज तीन पोर मारले. दोन वाया गेले." एकदा शेजारच्या टेबलावरचा एक पोलीस शिपाई अर्धा चहा टाकून उठला आणि अण्णाचा पत्ता लिहून घेऊ लागला. ते मिटवायला मला माझी ओळख खर्ची घालावी लागली.

मी म्हणायचो, "अण्णा, तुमच्या लिपीत अक्षरं कमी पडायलीत."

तो म्हणायचा, "सार, तुमच्याकडं क चार. आमच्याकडं एक. एका क मधी आमच्या लोकांनी राज्यं केली, देवळं बांधली. कुणाचं काही अडलं न्हाई. तुमी चार घेऊन काय बांधलं, ते सांगा."

मी स्टेशनकडं बोट दाखवायचो. तो स्टेशनकडं बघायचा, मग माझ्याकडं.

त्याच्या ह्या गर्वाला एकदाच जरा धक्का बसला. आपल्या जिल्ह्यात एक गोळेगाव आहे, सेलूच्या बाजूला. आणि एक कोळेगाव आहे, गंगाखेडच्या बाजूला. तमिळमध्ये लिहिलं की दोन्ही एकच. अण्णानं एका वर्षी छापलं, पोंगलचं जेवण ह्यावेळी गोळेगावला, सगळ्या गाड्यांनी यावं. चार गाड्यांची माणसं कोळेगावला गेली. सरपंच बिचारा ओसरीवर दात घासत होता. समोर चाळीस माणसं उभी, अंघोळ करून, नवे शर्ट घालून, आणि सगळी एका सुरात म्हणतायत, ‘भाकर लय भारी झाली.’ त्यानं गावात निरोप फिरवला, घरटी पाच भाकरी आणि वांग्याची भाजी जमवली आणि सगळ्यांना जेवू घातलं. गोळेगावला इकडं तीन पातेली पोंगल तसाच. अण्णानं तेव्हापासून गावापुढं तालुका लिहायचा नियम केला. क मात्र वाढवला नाही.

आता चौथ्या पानाचं सांगतो. अंक लोक मागून पुढं वाचतात, कारण चौथ्या पानावर यादी असते. ‘यार एंगे’ म्हणजे कोण कुठं. कुठल्या गाडीवर कोण आहे आणि ती गाडी कुठल्या गावात आहे. हातात मोबाइल असताना ह्याची काय गरज, असं मी विचारलं होतं. अण्णा म्हणाला, "सार, मोबाइल ज्याला सापडायचं हाय त्याच्यासाठी. यादी ज्याला न्हाई सापडायचं त्याच्यासाठी."

त्या यादीतली पहिली ओळ अकरा वर्षं बदललेली नाही. ‘सेल्वम’, आणि पुढं एक मोकळी रेघ.

सेल्वम अण्णाचा धाकटा भाऊ. अण्णानंच त्याला गावाहून गाडीवर आणलं. मानवतला बोटं गेली त्या दिवशी लिव्हरवर तो होता, पाइप जोडायला अण्णा. सेल्वमचा हात क्षणभर लिव्हरवरून सुटला, पाइप घसरला. अण्णाला परभणीला दवाखान्यात त्यानंच आणलं. पट्टी बांधून होईपर्यंत बसला, चहा आणतो म्हणून बाहेर गेला, तो गेलाच. नंबर बंद. मध्य प्रदेशात दिसला, राजस्थानात दिसला, असं गाड्यांवरून कानावर यायचं. ज्या गाडीचं नाव कळावं तिथून तो आधीच दुसरीवर गेलेला असायचा.

"मग तुमी गावाकडं का न्हाई गेलाव?" मी एकदा विचारलं.

"हरवलेला माणूस फिरतो, सार. शोधणाऱ्यानं एका जागी बसायचं. त्यानं मला परभणीत सोडलं, तर त्याला म्हाईत हाय मी परभणीत हाय. मी हाललो तर दोघं हरवलो."

हे तो प्रूफ तपासत, मान वर न करता बोलला. लगेच म्हणाला, "सार, दुसऱ्या पानाला शाई कमी हाय."

तर ह्या वर्षी एप्रिलातली गोष्ट. मंगळवार नव्हता. सकाळी साडेआठला मी शटर वर करतोय तोच अण्णा रिक्षातून उतरला. पायांत दोन वेगळ्या चपला. हातातला मोबाइल माझ्यापुढं धरला.

"सार, ह्यो क कंचा हाय?"

मी मोबाइलकडं बघितलं. तमिळ अक्षरं. एका ड्रायव्हरनं रात्री बिदरकडं जाता जाता पाठवलेला निरोप होता. अण्णानं वाचून सांगितला. ‘तुमचा तंबी बघितला. कोळेगाव. गाडी दुपारी बाराला निघणार, मग राजस्थान.’ तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तालुका लिहिलेला नव्हता.

"त्या ड्रायव्हरला फोन लावा की."

"स्विच ऑफ. बोअरच्या चार एजंटांना लावला. ही गाडी कुणाचीच न्हाई." अण्णानं फोन पुन्हा माझ्यापुढं केला. "एक क दिसायला, सार. कंचा, ते न्हाई दिसायला."

अकरा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते असं आयतं पुढ्यात आलं. पण मला त्याच्यावर एकही टोमणा सुचला नाही. गोळेगाव वर, कोळेगाव खाली, मध्ये परभणी. कुठंही जायचं तरी तासभर. एक चुकलं की दुसरीकडं बाराच्या आत पोचणं अवघड.

खंडू म्हणाला, "दोघं दोनीकडं जावा की."

मुख्य उपसंपादक उगीच नव्हता तो. अण्णानं गोळेगाव घेतलं, तिकडं यंदा बोअर जास्त होते म्हणून. रिक्षा तशीच वळवली. मी गाडीला किक मारली तेव्हा आठवलं, मी सेल्वमला कधी पाहिलेला नाही.

"वळखू कसा?" मी ओरडलो.

रिक्षातून अण्णानं स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

अण्णाचं नाक ही काही लपून राहणारी वस्तू नाही. ते आधी दुकानात येतं, मग अण्णा. पावसाळ्यात त्याच्याखाली मिशी कोरडी राहते.

कोळेगावच्या शिवारात गाडी होती. लांबूनच धुळीचा लोट दिसला. मी बांधावरून धावत गेलो तेव्हा बोअर पावणेचारशे फुटांवर कोरडा गेला होता आणि माणसं आवराआवर करत होती. लिव्हरपाशी एकजण पाठमोरा उभा. मी हाक मारली, "सेल्वम." त्यानं वळून बघितलं. आधी नाक वळलं.

मी म्हणालो, "तुमचे अण्णा. परभणी. मुरुगेसन."

त्याचा चेहरा धुळीनं आधीच पांढरा होता, त्यामुळे त्याचं काय झालं ते सांगता येत नाही. पण तो हात पुसत सरळ पाइपांच्या गाडीकडं निघाला, जसा काही तेव्हाच राजस्थानला चालत जाणार होता. मी अण्णाला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सार, इथं म्हशी हायत. गाडी न्हाई."

"हितं हाय. या. पण टाइम लागल तुमाला."

 पलीकडून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज.

सव्वादहा झाले होते. सेलूच्या बाजूहून इथं यायचं म्हणजे दोन तास तरी. गाडीवरचा स्वयंपाकी, पळनी नावाचा, मला चहा घेऊन आला आणि तिसऱ्या धड्यातली वाक्यं एका दमात म्हणाला, "मामा, बसा. रागावू नका. पाणी खाली हाय, आमी काय करावं." आणि त्या वाक्यावरून मला युक्ती सुचली. गाडीच्या पुढच्या काचेपाशी पूजेचा नारळ ठेवलेला होता. तो मी उचलला, तळहातावर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि पाणाड्या चालतो तसा शेतात चार पावलं चाललो. नारळ उभा राहिला. मीच अंगठ्यानं केला.

"पाणी हाय," मी शेताच्या मालकाला म्हणालो. "अजून शंभर फुटावर. मारू द्या त्यांला."

मालक भुजंगराव म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ होते. झाडाखाली बसून सुपारी कातरत होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी स्टेशनरोडचे प्रेसवाले न्हाई का?"

मी नारळ खाली केला.

"माज्या पोरीची पत्रिका तुमीच छापली. तारीख चुकवलीती. अर्धं वऱ्हाड आदल्या दिशी जेवून गेलं." सुपारी तोंडात टाकली. "आता पाणी बी तुमीच सांगायलाव."

मग मी खरं ते सांगितलं. ह्याचा भाऊ यायलाय. अकरा वर्षं भेट न्हाई. ह्यो पळायलाय, आन् गाडी बाराला जायलीय. भुजंगरावांनी लांब उभ्या सेल्वमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बोअरकडं बघितलं.

"कोरडा तर गेलाच हाय," ते म्हणाले. "शंभर फुटानं अजून काय कोरडा व्हायचाय." आणि गाडीच्या मॅनेजरला हाक मारून म्हणाले, "मारा अजून शंभर."

मॅनेजरनं सेल्वमला हाक मारली. ड्रिलर एकच होता. तो परत आला, लिव्हर धरला, कंप्रेसर सुरू झाला. आणि मला कळलं, की आता हा माणूस कुठंही जाणार नाही. पाइप खाली जात होते, जोडणारे वाकून जोडत होते, आणि सेल्वमची नजर त्यांच्या हातांवरून ढळत नव्हती. त्यानं घाम पुसला नाही. एकदाही रस्त्याकडं मान वळवली नाही. पावणेदोन तास त्या लिव्हरवरचा हात इतका घट्ट होता, की बोटांची पेरं पांढरी झाली होती.

पाणी लागलं असं मला फार सांगावंसं वाटतं. मी आजवर याहून मोठ्या गोष्टी सांगितल्या आहेत. पण लागलं नाही. पावणेपाचशे फुटांवर धूळच निघाली.

बारा वाजून दहा मिनिटांनी बांधाच्या पलीकडं रिक्षा थांबली. अण्णा चालत आला. तो जवळ आला तेव्हा सेल्वमनं शेवटचा पाइप खाली गेल्याची खात्री केली, जोडणाऱ्यांना हातानं मागं सारलं, मग मशीन बंद केलं. शिवारात एकदम इतकं शांत झालं, की भुजंगरावांचा अडकित्ता ऐकू आला.

दोघं समोरासमोर उभे. नाकाला नाक. सेल्वमची नजर अण्णाच्या उजव्या हातावर गेली, तिथंच राहिली. अण्णानं तो हात लपवला नाही, पुढंही केला नाही. मला वाटलं, आता अकरा वर्षांचं बाहेर पडणार, मूळ गावापर्यंत ऐकू जाणार.  

पण बोलला सेल्वम. अगदी हळू.

"साप्टिंगळा, अण्णा?"

मी पळनीला कोपर मारलं. काय म्हणायलाय?

पळनी कुजबुजला, "जेवलाव का, इचारायलाय."

अण्णानं नाही म्हणून मान हलवली. आधी एकदा. मग बराच वेळ हलवत राहिला, थांबेचना. सेल्वमनं त्याला दंडाला धरून गाडीच्या सावलीत बसवलं. बादलीत हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. पळनीकडून पातेलं घेतलं, ताट आपल्याच शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसलं, भात वाढला, वर रस्सम ओतलं आणि समोर उकिडवा बसला. अण्णा उरलेल्या तीन बोटांनी भात कालवू लागला. मॅनेजरनं घड्याळ बघितलं, काही तरी म्हणणार होता. भुजंगरावांनी त्याच्या हातावर सुपारी ठेवली.

मी बांधावर बसून राहिलो. अकरा वर्षं हा माणूस दर दुसऱ्या मंगळवारी माझ्याकडं येतो. मी त्याला चहा पाजला, त्याच्या बोलण्यावर हसलो, त्याच्या गोष्टी गावभर मीठ लावून सांगितल्या. दोन वाजता काम उरकलं की तो प्रूफांची गुंडाळी काखेत मारून निघायचा. मी शटर ओढून घरी जेवायला जायचो. तो कुठं जातो, त्याला कोण वाढतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सेल्वमनं दुसऱ्यांदा भात वाढला. अण्णानं ताट पुढं केलं.